सायकल ढकलत नेणारे सर

आमच्या मराठीच्या सरांकडे सायकल होती, पण गावातून जाताना ते तिच्यावर बसलेले कुणी पाहिले नव्हते. शाळा सुटली की हँडल धरून, रस्त्याच्या डाव्या कडेनं, पाठ ताठ ठेवून ते सायकल ढकलत निघायचे. बाजारपेठ, चावडी, एसटी स्टँड, सगळं असं पायी. ओढ्यावरचा पूल ओलांडला की एकदा मागं बघायचे आणि टांग टाकून सुसाट सुटायचे. पोरं म्हणायची, सरांना गावात सायकल येत नाही, माळावरच येते.

मी सांगलीकडची, जैन घरातली. बी.एड. झाल्यावर पहिली नोकरी लागली ती थेट माण-खटावच्या बाजूला, मुलांच्या एका निवासी शाळेत. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी खाऊन जगलेली, पालांतून आणि तांड्यांतून गोळा केलेली पोरं तिथं शिकत होती. पारधी, कैकाडी, वडार, रामोशी. वडील मला सोडायला आले होते. शाळेचं पत्र्याचं छप्पर आणि भोवतालचा उघडा माळ बघून ते गप्पच झाले. तेवढ्यात हे सर पुढं आले, कांजी घातलेला पांढरा शर्ट, पायजम्याला कडक इस्त्री, आणि हात जोडून म्हणाले, "आपण निश्चिंत मनाने जावे. येथे त्यांना काही न्यून पडणार नाही." वडिलांचा चेहरा एकदम सैल झाला. परत जाताना म्हणाले, "माणूस सुसंस्कृत आहे."

सर बोलायचे ते असंच, छापल्यासारखं. किराणा दुकानात "अर्धा शेर साखर द्यावी" म्हणायचे. त्या सगळ्या मुलखात जिथं जो तो 'हाय' आणि 'न्हाई' म्हणतो तिथं सरांना 'आहे' मधला 'ह' जागच्या जागी लागायचा. एकदा दहिवडीच्या गाडीत कंडक्टर ओरडला, "म्होरं सरका, म्होरं." सर म्हणाले, "'पुढे सरका' असे म्हणावे." कंडक्टरनं त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आवं सर, म्होरं सरका न्हाईतर पुढे सरका, पर सरका की." अख्खी गाडी हसली. सर हसले नाहीत. पुढे मात्र सरकले.

वर्गात तर विचारूच नका. कुणी 'न्हाई' म्हणालं की त्यानं बाहेर लिंबाखाली उभं राहायचं आणि 'नाही' नीट यायला लागलं की आत यायचं. मुलं आपापसात घरची बोली बोलताना सापडली तर सरांचा आवाज चिरका व्हायचा. "ती भाषा फाटकाबाहेर ठेवून यायचे!" पारध्यांच्या मुलांवर तर त्यांची जास्तच नजर. दाखल्याच्या वेळी त्यांनीच या पोरांची नावं बदलली होती. तांड्यावरची नावं कानाला बरी लागत नाहीत म्हणून विद्याधर, प्रभाकर, यशवंत अशी नावं त्यांनी वाटली होती.

आणखी एक खोड होती. शाळेमागच्या शेतात तित्तर ओरडायला लागला की सर बोलता बोलता वाक्य अर्धं टाकायचे, जायचे आणि खिडकी लावून घ्यायचे. वैशाखातसुद्धा. पत्र्याखाली मुलं घामानं निथळायची, पण खिडकी बंद. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "व्यत्यय येतो." मांसमच्छी त्यांना चालत नसे, त्यामुळं मला ते आपल्यातलेच वाटत. एका हवालदाराच्या घरी ते भाड्यानं राहायचे. हवालदार पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, फलटणकडे कालव्याखाली त्यांचा ऊस होता. त्यांच्या घरची सत्यनारायणाची पोथी दरवर्षी सरच वाचत.

असा हा माणूस. आम्ही शिक्षकांच्या खोलीत त्यांच्यावर हसायचो, आणि थोडे भ्यायचोही.

विद्याधर हा त्यांचा लाडका. सोळा वर्षांचा, पारध्याचा. काय बोलायचा पोरगा! डोळे मिटून ऐकलं तर पुण्याच्या कुणा वकिलाचा मुलगा वाटावा. सर त्याला सगळ्या वर्गासमोर उभा करायचे आणि म्हणायचे, "ऐका. भाषा अशी असावी."

दिवाळीच्या सुट्टीला तो तांड्यावर गेला आणि आला तो निम्मा होऊन. तिथं काय झालं ते मला नंतर समजलं. त्यानं आईचं बोलणं दुरुस्त केलं होतं. आई हसली होती, मग रडली होती. बरोबरीची पोरं त्याला 'सायेब' म्हणायला लागली. पाखरं धरायचा फासा लावायला गेला तर गाठ जमेना. म्हाताऱ्यांनी विचारलेलं त्याला समजायचं, पण उत्तर द्यायला तोंडात शब्दच येईनात. तो सुट्टी संपायच्या आधीच शाळेत परतला.

त्यानंतर म्हसवडची रथाची जत्रा आली. मुलं जत्रेला गेली होती. गर्दीत कुणाची तरी बोरमाळ गेली. पोलीस शिपायानं चार पोरांतून नेमका विद्याधरला धरला, नाव विचारलं, जात विचारली आणि चौकीत नेला. तो म्हणत होता, "मी चोरी केलेली नाही. मी विद्यार्थी आहे." ते ऐकून चौकीतली माणसं जास्तच हसली. "पारध्याचं पोरगं आन् पुस्तकावानी बोलतंय रं!" दुसऱ्या दिवशी बोरमाळ त्या बाईच्या पिशवीतच सापडली, म्हणून सोडला. काय सोडला म्हणायचं! परत आल्यावर वसतिगृहातल्या दुसऱ्या पोरांनी आपल्या पेट्यांना कुलपं आणली.

मग तो आपल्या वस्तू वाटायला लागला. शाईचं पेन प्रभाकरला दिलं, घोंगडी एका लहानग्याला. आम्ही कौतुक केलं. मीच म्हणाले होते, किती उदार आहे हा मुलगा.

आणि एका सकाळी विद्याधर नव्हता. त्यानं जीव दिला होता. कसा, ते मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही, आणि इथंही सांगणार नाही. एवढंच सांगते की प्रार्थनेची घंटा झाली, पोरं रांगेत उभी राहिली, आणि एकाच्याही तोंडून आवाज फुटला नाही. मी गणिताची बाई. हातात खडू घेऊन तशीच उभी होते. खडू मोडला होता, ते मला हाताला पांढरं लागल्यावर समजलं.

दुपारी त्याची आई आली. कुणीतरी तांड्यावर निरोप पोचवला होता, पण अर्धामुर्धा. 'तुझ्या पोराचं काहीतरी झालंय' एवढाच. अनवाणी, धापा टाकत ती फाटकाशी आली आणि शिपायाला म्हणाली, "बाजिंद्या. माजा बाजिंद्या कुटं हाय?"

शिपाई गोंधळला. म्हणाला, "बाजिंद्या? या नावाचं पोरगं आमच्यात न्हाई, बाई."

त्या बाईचा चेहरा उजळला. मी समोरच उभी होते. मी तो चेहरा बघितला. तिला वाटलं, चुकीचा निरोप आला. तिला वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी गेला. ती हसली. कपाळाचा घाम पुसून मागं वळायलाच लागली होती, तेवढ्यात व्हरांड्यातून प्रभाकरनं हाक मारली. त्यांच्या भाषेत. शाळेच्या आवारात ती भाषा मोठ्यानं मी पहिल्यांदाच ऐकली.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. ती जमिनीवर बसली आणि बोलायला लागली. रडत नव्हती, बोलत होती, विचारत होती, एकेकाच्या तोंडाकडे बघून विचारत होती. आमच्यातल्या कुणाला एक अक्षर समजत नव्हतं. हेडमास्तर नुसते "शांत व्हा, शांत व्हा" म्हणत होते. पारध्यांची पोरं भिंतीला चिकटून उभी. त्यांना समजत होतं, पण ती आमच्या मराठीच्या सरांकडे बघत होती. बोलायची बंदी होती ना.

सर पुढं आले. पांढऱ्या पायजम्यासकट त्या मातीत तिच्यासमोर बसले. आणि उत्तर दिलं.

त्यांच्या भाषेत. अडखळत, शब्द शोधत, पण त्याच भाषेत. हेडमास्तरांचा हात हवेत तसाच राहिला. हा माणूस माझ्या वडिलांशी तसं बोललेला माणूस, हा कंडक्टरला दुरुस्त करणारा माणूस, आणि त्याच्या तोंडून ती भाषा अशी येत होती, जशी गाळ भरलेल्या झऱ्यातून पाणी येतं, थांबून थांबून. त्या बाईनं त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि आणखी काहीतरी विचारलं. सरांनी मान खाली घातली आणि दोन-तीन तुटक वाक्यं बोलले. मग ती ओरडली. ती किंकाळी अजून माझ्या कानात आहे.

खूप दिवसांनी मी प्रभाकरला विचारलं, ती काय म्हणाली होती?

तो म्हणाला, "ती म्हनली, माज्या लेकराशी शेवटी शेवटी कोन बोलत हुतं? त्याच्या बोलीत कोन बोलत हुतं?"

"आणि सर?"

"सर म्हनले, कुनी न्हाई. मला येत हुतं. मी बोललो न्हाई."

सर पारध्यांच्या भाषेत बोलले ही बातमी त्याच दिवशी संध्याकाळच्या आत गावात पसरली. हवालदार शाळेत आले. पलटणीतला माणूस, आवाज मोठा, पण त्या दिवशी त्यांचा आवाजच बसला होता. "आवं सर, हे काय आयकतुया मी? तुमी पारधी हाय?"

"होय. आहे."

"मग सांगिटलं न्हाई ते?"

"तुम्ही विचारले नाही," सर म्हणाले. "विचारले असते तर खोटे बोललो असतो."

"माज्या घरात पोथी वाचलीया तुमी." हवालदार एवढंच म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी सरांची पेटी अंगणात होती, आणि हवालदारांची बायको खोली शेणानं सारवत होती. सरांनी पेटी सायकलला बांधली आणि ढकलत ढकलत वसतिगृहात राहायला आले. बाजारपेठेतून जाताना दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं. मी त्यांच्याबरोबर चालत होते. माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "सर, आता तरी बसून जा की. लवकर पोचाल."

ते म्हणाले, "बाई, पारध्याच्या पोराला सायकलवर बघितले की पहिला प्रश्न एकच असतो, कुणाची पळवलीस? लहानपणी दोनदा मार खाल्ला आहे. पळवणारा बसून जातो. ढकलणाऱ्याला कोणी अडवत नाही."

मी त्यांच्यावर इतके दिवस हसले होते.

त्यानंतर आमची शाळा वेगळीच झाली. विद्याधरच्या दिवसांनंतरच्या पहिल्या सोमवारी सरांनी हजेरी घेतली ती घरच्या नावांनी. "भिंगऱ्या," ते म्हणाले. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "भिंगऱ्या!" मग मागच्या बाकावरून प्रभाकर हळूच उठला. "हजर." पुढचं नाव, त्याच्या पुढचं नाव. काही पोरं हसत होती, काही रडत होती, आणि सर खडूनं फळ्यावर काहीही न लिहिता नुसते उभे होते. नंतर म्हणाले, "शाळेत दोन्ही नावे चालतील. आपल्याला हवे ते सांगावे." प्रभाकरनं दोन्ही ठेवली. मी त्याला प्रभाकरच म्हणत राहिले, त्याची आजी भिंगऱ्या म्हणायची, आणि तो दोघींना ओ द्यायचा.

रविवारी तांड्यावरची माणसं वसतिगृहात यायला लागली. सरांनीच बोलावली. सायकलवरून ते माळामाळांवर फिरले, औंधच्या डोंगरापासून थेट आटपाडीकडच्या वस्त्यांपर्यंत. पहिल्यांदा त्यांना बघून तांड्यावरची माणसं पळाली, असा कडक इस्त्रीचा शर्ट सरकारी माणसाचाच असतो म्हणून. मग ती आली. प्रभाकरची आजी सगळ्यांच्या पुढं. चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, आवाज नगाऱ्यासारखा. ती लिंबाखाली बसायची आणि पोरांना त्यांची कुळं सांगायची, देवीचं सांगायची, कुणाचा आजा कुठं जन्मला आणि कुठल्या तारेच्या कुंपणात त्याला इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातीचा म्हणून कोंडला ते सांगायची. पोरं तोंड उघडी टाकून ऐकायची. आपल्याला आजा होता, त्याला नाव होतं, हेच त्यांना नवं होतं. सर बोलायला लागले की आजी हसून लोळायची. वीस वर्षं न वापरलेली त्यांची बोली, तिच्यात काय काय चुका! आजी म्हणायची आणि पोरं मला सांगायची, "बाई, आजी म्हनती, सर तोतरं बोलत्यात."

आणि तोच माणूस आता आपल्या चुका ऐकून घ्यायचा. खालमानेनं.

मला हे सगळं पचलं असं नाही. एका रविवारी आजीनं पोरांना फासे विणायला बसवलं. घोड्याच्या शेपटीचे केस आणि बांबूच्या काड्या. लावऱ्या, तित्तर धरायचे. मी घाबरून सरांकडे धावले. "सर, वसतिगृहात पाखरं मारायला शिकवणार? हे मला सहन होणार नाही. मी जैन आहे."

सर म्हणाले, "तुम्ही खाऊ नका, बाई. पण त्यांच्या हातातला फासा सोडवू नका. विद्याधरला गाठ मारता आली नाही, त्या दिवशी तो कुणाचाच राहिला नाही."

मी रडले. मग आजीनंच तोड काढली. तिला माझं म्हणणं समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "धरायचं आन् सोडून द्यायचं? ही बाई लय येडी हाय." पण आवारात धरलेली लावरी ती माझ्या हातात द्यायची, आणि मी ती उडवायची. धडधडणारं ते ऊन पाखरू हातात घेतलं की मला वाटायचं, आपण कुठल्या कुठं आलो.

संस्थेचे अध्यक्ष एकदा जीपमधून अचानक आले. लिंबाखाली बायका, पोरं, दोन कुत्री, ढोलकी वाजतेय. ते लाल झाले. "ही शाळा हाय का तांडा?"

सर उभे राहिले. "अध्यक्षसाहेब," ते म्हणाले, "विद्याधर तांड्यावर गेला नाही. शाळेत गेला."

अध्यक्ष जीपमध्ये बसले. पुन्हा रविवारी आले नाहीत.

आता प्रभाकरचं. आधीच सांगून टाकते, प्रभाकर जिवंत आहे. फलटणच्या बाजूला एका साखर कारखान्यात ट्रॅक्टर चालवतो, तीन पोरांचा बाप आहे. मॅट्रिक दुसऱ्या खेपेला सुटला. हे आधी सांगते, कारण ते दिवस आठवले की अजून माझ्या छातीत धस्स होतं, आणि वाचणाऱ्याच्या छातीत तसं होऊ नये.

विद्याधर जाऊन वर्ष होत आलं होतं. पुन्हा जत्रेचे दिवस आले, आणि प्रभाकर गप्प होत गेला. जेवण कमी, खेळणं बंद. एक दिवस तो माझ्याकडे आला आणि शाईचं पेन पुढं केलं. विद्याधरनं दिलेलं. "बाई, तुमाला ठेवा." मी घेतलं. सरांना सहज सांगितलं, बघा, किती आठवण ठेवतो.

हातातली वही टाकून सर धावत व्हरांड्यात गेले, मी मागोमाग. प्रभाकर पायरीवर बसला होता. सर त्याच्या शेजारी बसले. आधी त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. मग, मला समजावं म्हणून की काय, मराठीत विचारलं. स्पष्ट, शांत आवाजात.

"तुला मरावेसे वाटते आहे का?"

मला धक्काच बसला. मी ओरडले, "सर! असं काय विचारता लेकराला? वाईट विचार डोक्यात घालता का त्याच्या?"

सरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते प्रभाकरकडे बघत होते. थांबले होते.

प्रभाकर म्हणाला, "व्हय."

आणि मग त्याचा बांध फुटला. विचार सरांनी घातलाच नव्हता. तो तिथं कधीपासून होता. त्याला बाहेर यायला फक्त वाट हवी होती.

त्या घटकेपासून प्रभाकरला एकटं सोडलं नाही. सरांनी निरोप धाडला आणि आजी गाठोडं घेऊन वसतिगृहातच राहायला आली. ती त्याच्या उशाशी झोपायची, त्याला पाणी आणायला बरोबर न्यायची, सतत कामाला लावायची. मोठी पोरं पाळीनं त्याच्याबरोबर असायची. तांड्यावरचा एक म्हातारा त्याला तित्तराची हाक शिकवायला बसला. प्रभाकरच्या तोंडून हाक येईना, कोंबडा चिरडल्यासारखा आवाज यायचा. पोरं पोट धरून हसायची. आणि एका दुपारी, मी खिडकीतून बघितलं, सगळ्यांबरोबर प्रभाकरही हसला. थोडाच. पण हसला. ती खिडकी आता कधी बंद होत नव्हती.

तरी सर म्हणाले, एवढ्यानं भागायचं नाही. मिरजेला एका डॉक्टरांकडे न्यायचं. मनाचे डॉक्टर. त्या काळात असं म्हटलं की लोकांना वेड्यांचं इस्पितळच दिसायचं. हेडमास्तर म्हणाले, शाळेचं नाव खराब होईल. सर म्हणाले, "होऊ दे." मला मिरज-सांगली माहितीची, म्हणून मी बरोबर गेले. सर, मी, प्रभाकर आणि आजी. विट्यावरून एसटीनं. सर आणि प्रभाकर त्यांच्या बोलीत बोलत होते, तर पुढच्या बाकावरची माणसं आपापली गाठोडी उचलून मांडीवर घ्यायला लागली. मला शरमेनं मेल्यासारखं झालं. सर आवाज न चढवता बोलत राहिले.

डॉक्टर चांगले होते. मऊ बोलणारे. प्रभाकरला त्यांनी हळूहळू बोलतं केलं. जिथं त्याला मराठीत सांगता येईना तिथं तो बोलीत सांगायचा आणि सर ते डॉक्टरांना सांगायचे. मग डॉक्टरांनी आजीला विचारलं, "घरात, भावकीत यापूर्वी कुणी असं काही करायला गेलं होतं का?"

आजीनं मान हलवली. नाही.

सर म्हणाले, "माझे लिहा."

डॉक्टरांनी वर बघितलं. "तुम्ही यांचे कोण?"

"भावकीतला समजा. मी याच्याच वयाचा होतो. सोलापूरला शिकत होतो. मरायला निघालो होतो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. प्रभाकर सरांकडे असा बघत होता जणू भिंत बोलली.

"मग?" डॉक्टर म्हणाले.

"वाटेत चुलती भेटली. माझ्या तोंडाकडे बघून तिने सरळ विचारले, मरायला निघालास का? मला खोटे बोलता आले नाही. तिने मला पालात नेले, जेवायला वाढले आणि आमच्या बोलीत शिव्या घातल्या. दिवस मावळेपर्यंत घातल्या. एकेका शिवीने मी थोडा थोडा परत आलो." ते थांबले. "आणि पुढच्याच वर्षी मी ती बोली टाकून दिली. कुणाशीच बोललो नाही. वीस वर्षे."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पुन्हा यायची तारीख दिली. गोळी कधी घ्यायची, का घ्यायची, सरांनी आजीला बोलीत समजावलं. आम्ही बाहेर आलो. दवाखान्यासमोर रसवंती होती. घुंगरू वाजत होते. सरांनी आम्हा सगळ्यांना उसाचा रस सांगितला. बाकड्यावर आम्ही बसलो. मी सरांच्या इस्त्रीच्या पायजम्याकडे बघत होते. इतकी वर्षं हा माणूस आमच्या शेजारच्या खुर्चीत बसून वह्या तपासत होता.

प्रभाकर रस प्यायलाच नाही. तो सरांकडे बघत होता.

"सर," तो म्हणाला, "आता वाटतं का तसं?"

मला वाटलं, सर नाही म्हणतील. मोठ्या माणसानं नाही म्हणायचं असतं.

"कधी कधी," सर म्हणाले.

"मग काय करता?"

"काही नाही. वह्या तपासत बसतो. उजाडते."

"कुनाला सांगत न्हाई?"

"नाही. आज पहिल्यांदा सांगितले."

प्रभाकरनं पेला बाकड्यावर ठेवला. आजी रस पिता पिता आमच्या तोंडांकडे बघत होती. मराठी तिला समजायची, पण सरांची छापील मराठी नाही. तिनं नातवाला ढोसलं. काय म्हणतोय तो? प्रभाकरनं तिला सगळं सांगितलं, त्यांच्या बोलीत, एकेक शब्द.

आजी उठली. सरांच्या समोर जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि सुरू झाली. त्या भर रस्त्यात, घुंगरांवर आवाज काढून, नगाऱ्यासारखी. रसवाला चरक थांबवून बघत राहिला. टांगे थांबले. माणसं जमली. मला एक अक्षर समजत नव्हतं, पण ते काय होतं ते कुणालाही समजलं असतं. ती हात नाचवत होती, थुंकत होती, सरांच्या छातीवर बोट मारत होती. थांबतच नव्हती.

सर मान खाली घालून बसले होते. त्यांचे खांदे गदगदा हलत होते. मला बघवेना. मी उठून त्यांच्याकडे निघाले, तर प्रभाकरनं माझ्या पदराला धरून मला खाली बसवलं.

"ऱ्हाऊ द्या, बाई," तो म्हणाला. "सर हसत्यात."